अ. ब. क. यांचा अर्ज

मराठी शिकवणाऱ्या माणसाची एका गृहस्थांशी जन्माची गाठ पडलेली असते. त्यांचे नाव अ. ब. क. त्यांचे वय काय, धंदा काय, हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्यांची तक्रार मात्र साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येते. त्यांच्या रस्त्यावरचे दिवे गेले पंधरा दिवस बंद आहेत. त्यांच्या घरासमोरची नाली तुंबली असून त्यामुळे डासांचा प्रादुर्भाव होऊन रोगराई पसरण्याची दाट शक्यता आहे. इतके सोसूनही त्यांच्या भाषेतला विनय कधी ढळत नाही. मायना बरोबर, विषय बरोबर, दिनांक जागच्या जागी आणि शेवटी 'आपला नम्र'. अशा या सज्जन माणसाला आजवर एकाही पत्राचे उत्तर आलेले नाही, कारण त्यांचे एकही पत्र उत्तरपत्रिकेच्या बाहेर पडलेले नाही. पाचांपैकी साडेतीन गुण घेऊन ते गठ्ठ्यात बांधले जाते आणि यथावकाश रद्दीत जाते.

हे गठ्ठे तपासण्यात माझी अठरा-वीस वर्षे गेली. साडेतीन गुण देताना एक शंका मला नेहमी छळते. हा मुलगा उद्या मोठा होतो, घर करतो, आणि त्याच्या दारासमोरची नाली खरोखरच तुंबते. अशा वेळी इतक्या सुरेख मायन्याचे तो काय करतो? मी पाहिले आहे, म्हणून सांगतो. तो नालीचा फोटो काढतो आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. अकरा जण हात जोडतात, एक जण गुलाबाचे फूल पाठवतो, आणि नाली आहे तिथेच राहते.

वाचकहो, एक प्रश्न विचारतो. सणासुदीचे दिवस आहेत, रागावू नका. आपण आपल्या आमदारांना आजवर किती पत्रे लिहिली? लग्नपत्रिका सोडून सांगा.

लग्नपत्रिका सोडायला सांगतो याला कारण आहे. मी राहतो अकोल्याच्या जुन्या शहरात. मोर्णेचा पूल ओलांडून असदगडाच्या बाजूने आत शिरलात की जयहिंद चौक, राजराजेश्वराचे देऊळ आणि त्यामागे आमच्या गल्ल्यांचे जाळे. इथे घरात कार्य निघाले की पहिली पत्रिका देवाला, दुसरी कुलदेवतेला आणि तिसरी किंवा चौथी आमदारांना जाते. तेराव्यालाही त्यांची वाट पाहिली जाते. बिचारे येतातही. एकेका मुहूर्ताला दहा-बारा मांडवांत अक्षता टाकतात, प्रत्येक ठिकाणी 'जेवूनच जा' म्हणणाऱ्यांच्या तावडीतून सुटतात आणि रात्री कुठल्याशा पारावर समाचाराला बसतात. या माणसाला आम्ही आमच्या आनंदात बोलावतो, दुःखात बोलावतो. फक्त तो ज्या सभागृहात आमच्या वतीने हात वर करतो, तिथे त्याने काय बोलावे हे आम्ही त्याला कधी सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, असे कसे? आमदारांच्या बंगल्यासमोर तर सकाळी ही गर्दी असते! असते खरी. पण ती गर्दी 'काम' घेऊन आलेली असते. 'भाऊकडे एक काम हाये' हे वाक्य वऱ्हाडात दिवसातून जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा रामाचे नावही घेतले जात नसेल. पोराची बदली, दवाखान्यातली खाट, शाळेतला प्रवेश, पोलिसात अडकलेली मोटरसायकल. भाऊ फोन लावतात, लेटरपॅडवर चार ओळींचे शिफारसपत्र देतात, माणूस नमस्कार करून घरी जातो. यात मी नाक मुरडावे असे काही नाही. ज्याचा बाप स्ट्रेचरवर पडला आहे त्याने काय लोकशाहीवर निबंध लिहावा? पण काम एका माणसाचे असते आणि ते झाले की संपते. ज्या कारणाने त्याची वेळ आली, ते कारण तसेच राहते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. त्या कारणाला 'प्रश्न' म्हणतात, आणि कायदे करणारा प्रतिनिधी खरे म्हणजे या प्रश्नांसाठी असतो.

हे मला एका आजींनी शिकवले, अगदी न शिकवता.

आमच्या गल्लीत मी अर्ज लिहिणारा म्हणून प्रसिद्ध आहे. मराठीचा प्रोफेसर म्हणजे अर्ज लिहिणाराच, अशी इथली समजूत. आणि फुकट लिहितो म्हटल्यावर तर काय विचारता! २०२५ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पलीकडच्या वाड्यातल्या एक आजी आल्या. वय सत्तरीपुढचे. दारातच बसत म्हणाल्या,

"सर, आमदारसायबाले एक अर्ज लिहून देता काय?"

"कशाचा अर्ज, आजी?"

"माहे पैसे बंद झाले. तीन महिने झाले, खात्यात दमडी नाही. अन् म्या मतदान केलं हाये, हे बी लिवजा."

"कोणाला केलं?"

"थे काहून सांगू?" आजी फणकारल्या. गुप्त मतदानाचे तत्त्व इतक्या थोडक्यात मांडलेले मी नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

आजींचे पैसे म्हणजे श्रावणबाळ योजनेचे, महिन्याचे दीड हजार. राज्य सरकारने हे अनुदान २०२३ साली हजारावरून दीड हजारावर नेले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीपासून ते आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत सुरू केली. पद्धत वाईट नव्हे. मधल्या मध्ये पैसे खाणारे हात तिने कमी केले. पण सत्तर वर्षे भांडी घासून, भाकऱ्या थापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या, त्यांची ओळख यंत्राला पटेना. कोणाचे आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव यांत एका काना-मात्रेचा फरक. आजी एका कचेरीत चार वेळा जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना बँकेत जा म्हणाले, बँकेत कचेरीत जा म्हणाले.

मी अर्ज लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडलो. अर्ज लिहिला, आमदारांनी फोन लावला, आजींचे पैसे सुरू झाले, तर ते 'काम' झाले. पण आजींच्या शेजारणीचे काय? मी सहज विचारले, "आजी, असे आणखी कोणाचे बंद झाले आहेत का हो?" आजींनी बोटे मोडायला सुरुवात केली. मी म्हटले, तोंडी नको, घरोघर जाऊन विचारून या. दोन दिवसांनी आजी आल्या तेव्हा त्यांच्याजवळ सात नावे होती. सातही बाया, सातही एका हाकेच्या अंतरावरच्या. मग जो अर्ज झाला तो एका पानाचा. वर सात नावे, प्रत्येकीपुढे कोणत्या महिन्यापासून पैसे आले नाहीत तो महिना, बँकेचे नाव, आणि खाली तीनच मागण्या: ज्यांचे अंगठे जुळत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी सोय काय आहे ते लेखी कळावे, अडलेली रक्कम मागच्या तारखेपासून मिळावी, आणि आपल्या मतदारसंघात अशी किती माणसे आहेत हा आकडा आपण सभागृहात मंत्र्यांना विचारावा. मायन्यात 'आदरणीय' एकदाच. 'कार्यसम्राट' वगैरे काही नाही. आजींना ते जरा कोरडे वाटले. त्यांच्या मते एवढ्या मोठ्या माणसाला नुसते आदरणीय म्हणणे म्हणजे बिनसाखरेचा चहा देण्यासारखे. अर्ज दोन प्रतींत नेला, एकीवर पोच घेतली. आजींना मी बजावले होते, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचे नाही. त्या उठल्या नाहीत.

महिन्याभराने सातांपैकी पाच जणींचे पैसे आले. दोघींचे पुढे कधीतरी आले. हे अर्जामुळे झाले की एरवीही झाले असते, ते राजेश्वराला माहीत. मी अर्जाची फुशारकी मारीत नाही. माझे लक्ष होते तिसऱ्या मागणीकडे.

ही तिसरी मागणी कशासाठी, ते थोडे सांगायला हवे. आमदार किंवा खासदार हा काही अधिकारी नव्हे. त्याला नाली साफ करण्याचा हुकूम काढता येत नाही, पेन्शन मंजूर करता येत नाही. त्याच्या नावाने जो विकासनिधी असतो त्यातून तो कामे सुचवतो. पैसे खर्च होतात ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. मग त्याच्या हातात आहे काय? त्याच्या हातात प्रश्न आहे, आणि हे हत्यार साधे नाही. तो सभागृहात विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. तारांकित प्रश्न असेल तर मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर येते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. त्याखेरीज विधानसभेत लक्षवेधी सूचना आहे, अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना आहे. सरकारी कचेरीत वरून 'एलएक्यू' आला, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आला, की काय धावपळ उडते ते माझ्या एका कारकून मित्राने मला सांगितले आहे. वर्ष-वर्ष न सापडणारी फाईल तासाभरात सापडते. कारण त्या उत्तरावर मंत्र्याचे नाव असते, ते छापले जाते, आणि खोटे ठरले तर सभागृहाचा हक्कभंग होतो. फोनवरून झालेले काम हवेत विरते. प्रश्नाचे उत्तर कागदावर राहते आणि उद्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या आजीलाही ते पुढे करता येते.

पण प्रश्न विचारायला आमदाराजवळ माल हवा. २८८ माणसांच्या सभागृहात तो उठून 'माझ्या मतदारसंघात बऱ्याच वृद्धांचे पैसे थांबले आहेत' असे म्हणाला, तर मंत्री 'माहिती घेऊन कळवतो' म्हणून मोकळे होतात. सात नावे, सात महिने, सात खाती असली की ते तितके सोपे राहत नाही. आपले पत्र म्हणजे त्या प्रश्नाचा कच्चा माल.

आपल्याकडे ही समज एकेकाळी होती, म्हणून तर अधिक वाईट वाटते. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली तेव्हा तिचा सभासद होण्याची अट काय होती, ठाऊक आहे? निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. 'अमुक इसम आमच्या वतीने बोलेल' असे पन्नास जणांनी लिहून द्यायचे, मगच त्याला बोलता येई. तेव्हा ना मतपेटी होती, ना मतदारयादी. आता मत आहे, पण मुखत्यारपत्र देताना 'काय बोलायचे' ते सांगण्याची चाल मात्र राहिली नाही.

आता माझ्यासारख्या शिकलेल्यांची गोष्ट, जी सांगताना मला फारशी शोभा वाटत नाही. आजींचे प्रतिनिधी तीन: नगरसेवक, आमदार, खासदार. माझे पाच. मी पदवीधर, म्हणून अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघात माझे मत. मी शिक्षक, म्हणून शिक्षक मतदारसंघातही माझे मत. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ अशा पाच जिल्ह्यांतून आम्ही हे दोन आमदार विधान परिषदेत पाठवतो. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, दरवेळी नाव नव्याने नोंदवावे लागते. आणि आमच्यातले कितीतरी विद्वान तेवढा अर्जही भरत नाहीत. शाळेत पत्रलेखनाला पाचांपैकी पाच घेणारेच हे!

या तीन आणि पाच यांतले अंतर जुन्या शहराने एकदा चांगले अनुभवले. आमचा मतदारसंघ अकोला पश्चिम. १९९५ पासून निवडून येत असलेले आमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वारले. लोक त्यांना लालाजी म्हणत. पक्ष कोणताही असो, लालाजी कोणाच्या मांडवात आले नाहीत असे घर सापडणे कठीण होते. पुढे पोटनिवडणूक जाहीर झाली, २६ एप्रिल २०२४ ही तारीखही ठरली. पण अकोल्याच्याच एका नागरिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. मुदत संपायला वर्षही उरले नसेल तर पोटनिवडणूक घेऊ नये, असा कायदा आहे. कायद्याप्रमाणे ते बरोबरच झाले. पण परिणाम असा की २०२४ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे वर्षभर, आम्हाला आमदार नव्हता. आणि महापालिकेची मुदत २०२२ सालीच संपलेली. तिथे प्रशासक, नगरसेवक एकही नाही. महाराष्ट्रातल्या इतर शहरांसारखीच ही अवस्था, पण आमच्याकडे दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या.

म्हणजे त्या वर्षात आजींना उरला एकच प्रतिनिधी, दिल्लीतला. मला उरले तीन. माझी नाली तुंबली तर मी निदान विधान परिषदेच्या दोन सभासदांना लिहू शकत होतो. आजींची तुंबली तर त्यांनी लोकसभेला कळवावे! अशा वेळी मला वाटते, पदवी आणि नोकरी यांमुळे ज्याच्या पदरात जास्त प्रतिनिधी पडले आहेत, त्याने निदान गल्लीसाठी दोन पत्रे जास्त लिहायला काय हरकत आहे? लिहिली का आमच्या बिरादरीने? आम्ही त्या वर्षी महागाई भत्त्याबद्दल पुष्कळ लिहिले.

कोणाला लिहायचे, हाही प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. नाली महापालिकेची, एस. टी. आणि शाळा राज्याची, रेल्वे केंद्राची, एवढे सर्वांना कळते. पण कापसाचे पाहा. २०२५ च्या ऑगस्टात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. आमच्या जिल्ह्यातला कापूस नेमका त्याच महिन्यांत घरात येतो. पारावर त्या दिवसांत जो तो आमदारांना नावे ठेवीत होता. आमदार काय करणार? आयातशुल्क विधानसभेच्या दारावरूनही जात नाही. ते पत्र खासदारांच्या पत्त्यावर जायला हवे होते. गिरणीवाल्यांच्या संघटनांना पत्ते बरोबर माहीत असतात. त्यांची निवेदने जिथे जायची तिथे पोचतात.

आणि जिथे हे सारे जिवावर बेतले, ती गोष्ट सांगायला लेखणी जड होते, पण वगळताही येत नाही. नागपूर करार झाला २८ सप्टेंबर १९५३ रोजी. त्यात विदर्भातल्या माणसाला सरकार जवळ असावे म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरवावे असे ठरले. हे हिवाळी अधिवेशन म्हणजे विदर्भाच्या अर्जांचा हंगाम. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा तिथे गेला. गुरे राखणारी ही गरीब माणसे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द एकापुढे एक आहेत. ते म्हणत, हे आम्हीच. राज्य सरकारच्या १९८५ च्या निर्णयाने सांगितले, तुम्ही नव्हे. दोन शब्दांतल्या एका मोकळ्या जागेसाठी हजारो माणसे पोरेबाळे घेऊन चालत आली. मंत्री येतील, निवेदन घेतील, म्हणून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी उडाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. त्यांचे स्मारक नागपुरात आहे.

मराठीचा मास्तर म्हणून शब्दांच्या जवळिकीवर मी तासन्‌तास बोलतो. पण त्या यादीतल्या त्या जागेवर बोलायची मला छाती होत नाही. पुढे १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे ही यादी फक्त संसद बदलू शकते. न्यायालय नाही, विधानसभाही नाही. राज्य सरकारला आपला निर्णय मागे घेता आला असता, दिल्लीला शिफारस करता आली असती. यादीला हात मात्र लावता आला नसता. त्या मोर्चातल्या कुणा गुराख्याला हे कलम ठाऊक असायला हवे होते असे म्हणण्याइतका मी निर्दय नाही. ते ठाऊक असायला हवे होते त्यांनी निवडून दिलेल्यांना. बाहेर येऊन, निवेदन हातात घेऊन, 'यातले एवढे आमच्या हातात, एवढे दिल्लीच्या' असे सांगायला किती वेळ लागला असता?

प्रतिनिधी ऐकत नाही ही एक तऱ्हा झाली. तो ऐकतो, पण दोन प्रतिनिधींची तोंडे दोन दिशांना असतात, ही दुसरी. आमच्या पूर्णाकाठी सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीला पाणी लागते, पण तोंडात घालवत नाही. बाळापूरच्या बाजूच्या अशा ६९ गावांना सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून पाणी आणण्याची योजना आखली गेली. तेल्हारा तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला: हे धरण आमच्या ओलितासाठी बांधले, पाणी असे वाटत गेले तर आमच्या शेताला उरेल काय? योजनेला स्थगिती आली. बाळापूरचा मतदारसंघ वेगळा, अकोट-तेल्हाऱ्याचा वेगळा. तेव्हा बाळापूरचे आमदार नितीन देशमुख २०२३ च्या एप्रिलमध्ये खारे पाणी बरोबर घेऊन, उन्हातान्हात, गावकऱ्यांसह पायी नागपूरला निघाले. हे पाणी उपमुख्यमंत्र्यांना प्यायला द्यायचे, असा बेत. नागपूरच्या वेशीजवळ पोलिसांनी त्यांना अडवले.

यात राजकारण किती आणि तहान किती, हे मोजायचे माप माझ्याजवळ नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी आमची पोरे गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडीने राजराजेश्वराला आणतात, म्हणून खांद्यावरून पाणी नेणे आम्हाला नवे नाही. पण ज्याला आपण अर्ज देतो तो माणूसच अर्ज घेऊन रस्त्याने चालू लागतो, हे दृश्य मात्र विचार करायला लावणारे होते. आणि मी जितक्या वेळा ते आठवतो तितक्या वेळा मला तेल्हाऱ्याचा तो शेतकरीही दिसतो. त्यानेही आपल्या आमदाराला लिहिले असेल. त्याचेही पत्र खरेच आहे. दोन खऱ्या पत्रांमधून वाट काढण्यासाठीच सभागृह बांधलेले असते. तिथे दोन्ही पत्रे पोचली, दोन्ही बाजूंचे आकडे छापले गेले, तर धरणात किती पाणी, किती ओलीत, किती माणसे, हे तरी एकदा सर्वांसमोर येते. रस्त्यावर नुसते आवाज येतात.

भाषेविषयी एक शब्द, कारण तो माझा धंदा आहे. पुष्कळांना वाटते, वरच्या माणसाला लिहायचे तर इंग्रजी हवे, निदान वकिली मराठी तरी हवे. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे करता येतो. मराठीत लिहिले म्हणून परत पाठवता येत नाही. 'उपरोक्त विषयान्वये' हे शब्द गाळले तरी अर्ज कमकुवत होत नाही. माझा तर अनुभव असा की 'जानेवारीपासून पैसे आले नाहीत' या वाक्याला वरचे साहेब जितके बिचकतात, तितके कोणत्याही विशेषणाला बिचकत नाहीत. पोस्टाने पाठवा, ई-मेलने पाठवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. मात्र व्हॉट्सॲपवर फोटो टाकून अर्ज केल्याचे पुण्य पदरात बांधू नका.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे उघडलेले असतील आणि नागपूरचे अधिवेशन जवळ आलेले असेल. सभागृहात विचारायच्या प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, म्हणून लिहायचे असेल तर भाऊबीज होऊ द्या आणि बसाच. आमच्या गल्लीचे दुसरे पत्र तयार आहे. या वेळी सात नावे नाहीत. आजी डाबकी रोडपर्यंत फिरून आल्या आहेत आणि आकडा एकतीसवर गेला आहे. परवा मी तो त्यांना वाचून दाखवला.

"मंग थ्या नागपूरच्या सभेत माहं नाव वाचतीन काय?" त्यांनी विचारले.

"नाव नाही वाचणार, आजी. आकडा वाचतील, वाचला तर."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग एकतीस नोका लिवजा. काल पोळा चौकातली एक बाई भेटली. तिचं बी बंद हाये. बत्तीस करा."

मी खोडले आणि बत्तीस केले.